सहाशे किलोंचं विमान आणि घरातली माणसं

पायपर कब या पिवळ्या विमानाला कुणी खेळणं म्हणत नाही. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, पासष्ट अश्वशक्तीचं इंजिन आणि एकामागे एक अशा दोन सीटा. पेट्रोल किती उरलंय हे सांगायला काचेसमोर, टाकीच्या झाकणातून वर आलेली एक तार असते. तारेच्या खालच्या टोकाला बूच असतं, ते पेट्रोलवर तरंगतं आणि पेट्रोल उतरेल तशी तार खाली जाते. १९४७ पर्यंत अशी वीस हजारांच्या आसपास विमानं बनली. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या कितीतरी अमेरिकी वैमानिकांनी पहिले धडे यातच गिरवले. माणसं, पेट्रोल, सामान सगळं धरून याचं वजन जास्तीत जास्त ५५३ किलो. आजही अमेरिकेतल्या एखाद्या लहान विमानतळावर कब उतरलं की हँगरमधली माणसं हातातलं काम टाकून बाहेर येतात.

त्याच धावपट्टीवर एखादं नवं ‘लाइट स्पोर्ट’ विमान उतरू द्या. वजन साधारण तेवढंच. अंग कार्बन फायबरचं, इंजिन शंभर अश्वशक्तीचं, समोर जमीन आणि हवामान दाखवणारा रंगीत पडदा, आणि अख्खं विमान अलगद खाली आणू शकणारं पॅराशूट. त्याच हँगरमधले काही जण मान हलवून म्हणतात, प्लॅस्टिकचं खेळणं आहे.

गेली वीस वर्षं अमेरिकेतल्या हौशी वैमानिकांत हा वाद चालू आहे. तो हँगरपुरता राहत नाही, घरी जेवणाच्या टेबलापर्यंत येतो. तिथे त्याचं रूप बदलतं, कारण घरातल्या माणसांना विमान खरं की खेळण्यातलं यात रस नसतो. त्यांना माणूस संध्याकाळी घरी येणार का, एवढंच हवं असतं. न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांतही आता हा विषय निघतो. तिकडे चांगली नोकरी लागलेला मुलगा शनिवारी विमान शिकायला जातो म्हणून सांगतो आणि इकडे डोंबिवलीत किंवा कोल्हापुरात आईच्या पोटात गोळा येतो. ‘दोनच सीटांचं आहे, एकदम हलकं’ असं तो धीर द्यायला सांगतो, आणि ऐकणाऱ्याची काळजी नेमकी त्याच शब्दांनी वाढते.

या विमानांचा जन्म एका नियमातून झाला. १ सप्टेंबर २००४ पासून अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने, म्हणजे एफएएने, ‘लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट’ हा नवा वर्ग लागू केला. उड्डाणाच्या वेळी एकूण वजन ६०० किलोंपर्यंत, पाण्यावर उतरणारं असेल तर ६५०. सीटा जास्तीत जास्त दोन, इंजिन एक, सपाट उड्डाणात वेग १२० नॉटच्या आत. आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग, ४५ नॉट किंवा त्याहून कमी. आपल्या रस्त्यावरची जुनी मारुती ८०० रिकामी असताना जेवढी भरते त्याहूनही ही विमानं दोन माणसं आणि भरल्या टाकीसह हलकी.

सोबत ‘स्पोर्ट पायलट’ नावाचं नवं लायसन्सही आलं. नेहमीच्या खासगी वैमानिकाला किमान चाळीस तासांचं उड्डाण लागतं, इथे वीस. सरकारमान्य डॉक्टरकडून तपासणीची सक्ती नाही, गाडी चालवण्याचा परवाना असला की पुरे. बंधनंही आली: दिवसाच उडायचं, जमीन दिसत राहील अशाच हवेत उडायचं आणि सोबत एकच माणूस न्यायचा.

हेतू चांगला होता. अमेरिकेत शिकाऊ विमानं म्हातारी होत चालली होती, नवी घ्यायची तर किंमत आवाक्याबाहेर. सरकारी प्रमाणपत्राच्या लांबलचक वाटेऐवजी उत्पादक, वैमानिक आणि तंत्रज्ञ यांनी मिळून एएसटीएम या संस्थेत मानकं ठरवायची आणि त्यानुसार विमान बनवलं असं कंपनीने स्वतः लिहून द्यायचं, अशी व्यवस्था झाली. जुन्या वैमानिकांच्या मनातली पहिली शंका इथलीच. कंपनी स्वतःच सांगते की विमान चांगलं आहे, मग तपासलं कुणी? प्रश्न रास्त होता आणि पुढे एका विमानाने तो फार महागात सिद्ध केला. त्याकडे येतोच.

दुसरी शंका माणसांबद्दल होती. डॉक्टरी तपासणी नको म्हटल्यावर या विमानांकडे सर्वात आधी वळले ते साठी-सत्तरीतले अनुभवी वैमानिक. नियमात एक मेख होती. ज्याची शेवटची तपासणी नापास झाली आहे त्याला परवान्यावर उडता येत नाही, पण ज्याने मुदत संपू दिली आणि पुन्हा तपासणीला गेलाच नाही, त्याला येतं. त्यामुळे हृदयाची थोडी कुरकुर असलेला माणूस डॉक्टरकडे जाऊन नापास होण्यापेक्षा न गेलेलंच बरं, असा हिशोब करू लागला. हलकं विमान म्हणजे ‘मेडिकलला घाबरलेल्यांचं विमान’ हा शिक्का बसला तो यातून. २०१७ मध्ये ‘बेसिकमेड’ ही सोपी वैद्यकीय व्यवस्था आली, तेव्हा यातले बरेच जण आपल्या जुन्या चार सीटांच्या सेस्नाकडे परत गेले. शिक्का मात्र राहिला.

मला यात घरच्यांची बाजू महत्त्वाची वाटते. परवान्यावर उडणाऱ्याने दर वेळी स्वतःच ठरवायचं असतं की आज आपण उडण्याच्या स्थितीत आहोत की नाही. सर्दीची साधी गोळीही झापड आणते आणि ती घेऊन उडायची मनाई आहे. रात्री झोप झाली का, जेवल्यावर डोळे मिटतात का, हल्ली जिना चढताना थांबावं लागतं का, हे डॉक्टरला वर्षा-दोन वर्षांनी कळणार. बायकोला रोज कळतं. नियमाने डॉक्टरला बाजूला केलं आणि ते काम न सांगता घरावर टाकलं. अनेक घरांनी ते नीट पेललंही. नवऱ्याच्या हातातून विमानाची किल्ली घेऊन ‘आज नाही’ म्हणणाऱ्या बाईचं नाव कुठल्याही अपघात-अहवालात येत नाही, कारण तो अपघात होतच नाही.

आता इंजिन. या वर्गातल्या बहुतेक विमानांत ऑस्ट्रियात बनणारं रोटॅक्स ९१२ असतं, ऐंशी किंवा शंभर अश्वशक्तीचं. जुन्या वैमानिकाचा कान लायकमिंग आणि कॉन्टिनेन्टल इंजिनांवर घडलेला. ती मिनिटाला साधारण अडीच हजार फेऱ्यांवर घरघरतात. रोटॅक्स पाच हजारांच्या पुढे फिरतं आणि गिअरमधून पंख्याचा वेग खाली आणतं. आवाज चढा. त्यात रोटॅक्स हे नाव अमेरिकेला बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबिलमुळे ठाऊक. ‘स्नोमोबिलचं इंजिन’ हा हेटाळणीचा शब्द तिथून आला. स्नोमोबिलमधली ती इंजिनं टू-स्ट्रोक होती. ९१२ हे फोर-स्ट्रोक आहे, खास विमानांसाठी घडवलेलं. अमेरिकी हवाई दलाचं प्रीडेटर ड्रोन याच घराण्यातल्या इंजिनावर तासन् तास आकाशात राहायचं, हे सांगितलं की बोलणारा जरा थांबतो.

या इंजिनाची उड्डाणापूर्वीची एक तपासणी जवळून पाहण्यासारखी आहे. तेल इंजिनाच्या पोटात नसतं, वेगळ्या टाकीत असतं. नुसती काडी बुडवून पातळी बघितली तर ती चुकीची दिसते, कारण थोडं तेल इंजिनातच थांबलेलं असतं. म्हणून इग्निशन बंद असल्याची खात्री करून पंखा हाताने, त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच, हळूहळू फिरवायचा. प्रत्येक सिलिंडरचा दाब हाताला जाणवतो. पाच, दहा, कधी पंधरा वेळा पातं ओढल्यावर टाकीतून गुडगुड ऐकू येते. तेल परतलं, मागोमाग हवा आली. आता काडी बघायची. वैमानिक याला ‘इंजिनाला ढेकर आणणं’ म्हणतात. हे काम बरोबर आलेल्या माणसासमोर, समजावून सांगत करणारे वैमानिक असतात आणि कुणी बघायच्या आत उरकून टाकणारेही. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या बायकोच्या किंवा मुलीच्या दृष्टीने दोघांत फार फरक आहे. आपलं माणूस घाई न करता हात काळे करून काहीतरी तपासतंय, हे डोळ्यांनी दिसलं की जो भरवसा येतो, तो कुठल्याही आकडेवारीने येत नाही.

यानंतर वजनाचा प्रश्न येतो आणि तो घरात सर्वात अवघड. सेस्ना १६२ स्कायकॅचर घ्या. रिकामं विमान साधारण ३७५ किलोंचं. टाक्या भरल्या की आणखी ६५ किलो. सहाशेच्या मर्यादेत दोन माणसांसाठी आणि सामानासाठी उरले जेमतेम १६० किलो. नव्वद किलोंचा नवरा आणि सत्तर किलोंची बायको बसली की पिशवीलाही जागा नाही. मग वैमानिकाला शेजारच्या सीटवरच्या माणसाचं वजन खरंखरं विचारावं लागतं, कपडे-बुटांसकट. बायकोने पाच किलो कमी सांगितले आणि मेव्हण्याने आठ, तर उन्हाळ्याच्या दुपारी, तापलेल्या विरळ हवेत, आखूड धावपट्टीवर त्याचा फरक पडतो. पेट्रोल कमी भरणं हा एक मार्ग. पण कमी पेट्रोल म्हणजे वाटेत उतरून भरावं लागणार, आणि घरी लवकर पोचायची घाई असली की तो थांबा गाळावासा वाटतो. जुन्या चार सीटांच्या विमानात दोघंच उडत तेव्हा हा हिशोब कुणी करत नसे. हलक्या विमानाने तो रोजचा केला. कित्येकांना तो कटकटीचा वाटतो. मला तो या विमानांचा गुण वाटतो, कारण त्यामुळे सोबतचा माणूस नुसता पाहुणा राहत नाही, उड्डाणाच्या गणितात येतो.

दोन सीटांचा अर्थ आणखी एक आहे. घरात दोन मुलं असतील तर बाप एकाला वर नेतो, तेव्हा दुसरं खाली आईचा हात धरून उभं. मग अदलाबदल. आई-बाप दोघं वर गेले तर मुलं दुसऱ्या कुणाकडे, आणि एकाच विमानात दोघांनी एकत्र जायचंच नाही असं ठरवणारी जोडपीही असतात. आयुर्विम्याच्या अर्जात खासगी उड्डाणाचा रकाना असतो, काही पॉलिसी ते वगळतात, काही हप्ता वाढवतात. हा कागद वैमानिकापेक्षा त्याच्या जोडीदाराने वाचलेला बरा. चार सीटांचं विमान ‘कुटुंबाचं’ आणि दोन सीटांचं ‘त्याचं’, अशी घरोघरी वाटणी होते ती इथूनच. हलक्या विमानाबद्दल बायकांच्या मनात जी अढी दिसते, तिच्यात भीतीबरोबर हेही असतं: घरातले एवढे पैसे अशा वस्तूत गेले, जिच्यात आम्ही सगळे मावत नाही.

पैशांचं तर दुखणंच आहे. सामान्य माणसाला परवडणारं विमान, या आशेवर हा वर्ग उभा राहिला. पाण्यावर उतरणारं, पंख दुमडून ट्रेलरवर घरी नेता येणारं आयकॉन ए५ सुरुवातीला १,३९,००० डॉलरना मिळेल असं सांगितलं गेलं. २०१७ मध्ये सगळ्या सोयींसह त्याची किंमत ३,८९,००० डॉलर झाली होती.

भीतीवर मात्र या विमानांनी एक ठोस उत्तर आणलं: पॅराशूट. बोरिस पोपोव्ह हे १९७५ मध्ये हँग ग्लायडर मोडून सुमारे चारशे फुटांवरून तळ्यात कोसळले आणि वाचले. खाली पडताना आपल्याला करण्यासारखं काहीच नव्हतं, हे त्यांच्या मनात राहिलं. त्यातून मिनेसोटात १९८० मध्ये बीआरएस ही कंपनी निघाली. माणसाऐवजी अख्खं विमानच पॅराशूटला टांगायचं. केबिनमधली लाल मूठ जोरात ओढली की छोटं रॉकेट सुटतं आणि छत्री बाहेर खेचतं. या पॅराशूटचंही दहा-पंधरा किलो वजन त्याच सहाशेतून वजा होतं.

जुने वैमानिक याकडेही नाक मुरडून बघत. ज्याला इंजिन बंद पडल्यावर शेतात विमान उतरवता येत नाही त्याने ही मूठ धरावी, असं म्हणणं होतं. घरच्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून ती मूठ ओळखली. कारण बहुतेक बायकांची, आयांची खरी भीती इंजिनाची नसते. हे आहे पंचावन्न-साठीचं माणूस, हवेत छातीत कळ आली आणि मान टाकली, तर मी शेजारी बसून काय करू? अमेरिकेत ‘पिंच-हिटर’ नावाचा अभ्यासक्रम १९६० च्या दशकापासून चालत आला आहे, वैमानिकाच्या जोडीदारासाठी: विमान सरळ कसं ठेवायचं, रेडिओवर मदत कशी मागायची, उतरायचं कसं. चांगलाच अभ्यासक्रम आहे, पण त्याला दिवस द्यावे लागतात आणि सराव ठेवावा लागतो. पॅराशूट असलेल्या विमानात सांगायचं ते दोन मिनिटांत सांगून होतं. मी उत्तर दिलं नाही तर आधी ही किल्ली बंद कर, मग ही मूठ दोन्ही हातांनी ओढ, आणि सुटेपर्यंत ओढत राहा. उडण्याआधी मुठीची सेफ्टी पिन काढली का, एवढं बघायचं काम तिने स्वतःकडे घेतलं तर उत्तमच.

विमान मोठ्या नावाचं असलं की विश्वास आपोआप बसतो, या समजाची परीक्षा स्कायकॅचरने घेतली. २००७ च्या जुलैत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या मेळ्यात सेस्नाने ते जाहीर केलं आणि मागण्यांची रीघ लागली. ज्या घरात झेक किंवा इटालियन नाव ऐकून शंका निघत, तिथे सेस्ना म्हटल्यावर कुणी विचारलं नसतं. चाचण्यांत दोन विमानं गरगरण्याच्या परीक्षेत हातची गेली. एकातून वैमानिक उडी मारून वाचला, दुसरं विमानाच्या पॅराशूटवर खाली आलं आणि मग वाऱ्याने ओढून उलटं केलं. कंपनीने शेपटी बदलली, विमान सुधारलं. २००९ च्या डिसेंबरात पहिलं विमान ज्या मालकिणीच्या हाती गेलं ती होती कंपनीचे प्रमुख जॅक पेल्टन यांची पत्नी, रोझ पेल्टन. विमान घरच्या माणसाला बसवण्याइतकं भरवशाचं आहे, हे सांगण्याचा याहून थेट मार्ग नव्हता. तरी विमान चाललं नाही. चीनमध्ये शेनयांगला बनतं म्हणून काहींनी नाक मुरडलं, किंमत वाढत गेली, वजनाच्या गणितात ते कमी पडलं. १९२ विमानं विकली गेली आणि उरलेली, एकदाही गिऱ्हाईक न बसलेली विमानं २०१६ मध्ये भंगारात काढली गेली. ज्यांनी ती विकत घेतली होती ते आजही त्यांत उडतात आणि विमानाबद्दल चांगलंच बोलतात.

एएसटीएमच्या मानकांबद्दलची शंका महागात सिद्ध झाली ती झोडियाक सीएच ६०१ एक्सएल या विमानात. ही विमानं हवेतच मोडू लागली. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अपघात-तपास मंडळाने, एनटीएसबीने, सहा अपघात आणि दहा मृत्यू मोजून दाखवले आणि ही विमानं जमिनीवर बसवा अशी तातडीची शिफारस केली. पंखांवरच्या एलेरॉनना थरथर सुटून ती वाढत जाण्याचा धोका त्यांनी दाखवला. पुढे पंख मजबूत करण्याचे बदल आले. इथे विमानच चुकलं होतं आणि व्यवस्थेला ते वेळेवर कळलं नव्हतं. हलक्या विमानांचा कळवळा असणाऱ्यांनी हे प्रकरण झाकू नये. ते मांडलं तरच पुढचं बोलणं विश्वासाने ऐकलं जातं.

कारण दुसऱ्या बाजूला असे अपघात आहेत ज्यांत विमानाने काहीच केलं नव्हतं. ८ मे २०१७ रोजी कॅलिफोर्नियातल्या लेक बेरिएसावर आयकॉन कंपनीचेच प्रमुख अभियंते जॉन कारकाव ए५ चालवत होते. पाण्यालगत उडताना ते चुकीच्या घळीत शिरले, समोर कडा चढत गेला, वळायला जागा राहिली नाही. ते आणि सोबतचा सहकारी दोघंही गेले. हे विमान सहजासहजी गरगरत खाली जाऊ नये म्हणून मुद्दाम घडवलेलं आहे. कड्यापुढे त्याचा काय उपयोग?

आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला रॉय हॅलडे. बेसबॉलमध्ये पिचर म्हणून त्यांचं स्थान म्हणजे आपल्याकडे एखाद्या महान गोलंदाजाचं. वडील वैमानिक, त्यामुळे आकाशाची ओढ घरातूनच आलेली. निवृत्तीनंतर त्यांनी ए५ घेतलं. कंपनीच्या प्रचारासाठी केलेल्या चित्रफितीत त्यांची पत्नी ब्रँडी यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं की आपला या विमानाला कडक विरोध होता, आपण खूप भांडलो, आणि मग नवऱ्याचा आनंद समजत गेला. विमान हाती येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा ते फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. वय चाळीस. २०२० मध्ये एनटीएसबीचा निष्कर्ष आला: पाण्याच्या अगदी जवळून केलेल्या आक्रमक कसरती, आणि शरीरात मेंदूवर परिणाम करणारी अनेक औषधं. विमानात बिघाड सापडला नाही.

ती चित्रफीत मला अस्वस्थ करते ती तिच्या रचनेमुळे. घरच्या माणसाचा विरोध हा तिथे एक अडथळा आहे, जो प्रेमाने पार करायचा आणि शेवटी हसायचं. विमान विकणाऱ्यांच्या बोलण्यात हा सूर नेहमी येतो: बायकोला कसं पटवायचं. तिला एकदा वर फिरवून आणा, संध्याकाळचं शांत हवामान निवडा, खिडकीकडे बसवा. पण विरोध करणाऱ्या बाईकडे काय माहिती आहे, हे कुणी विचारत नाही. आपला माणूस गाडी कशी चालवतो, कुठे फुशारकी मारतो, कोणती औषधं घेतो, यातलं तिला जे ठाऊक असतं ते विमानाच्या कुठल्याच कागदावर नसतं. ब्रँडी यांना नेमकं काय दिसत होतं याचा अंदाज मी करणार नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच म्हणतो की घरातून आलेला ‘नको’ हा पटवून मिटवायचा नसतो, आधी नीट ऐकायचा असतो.

विमानाची चूक आणि माणसाची चूक या दोन टोकांमध्ये किरकोळ अपघातांची मोठी रांग आहे, आणि ते बहुतेक जमिनीजवळचे. त्यात अनुभवी वैमानिक बरेच. हजारो तास वजनदार विमानं चालवलेला माणूस हलकं विमानही त्याच वेगाने धावपट्टीवर आणतो. ते खाली बसतच नाही, तरंगत राहतं. बाजूच्या वाऱ्याची झुळूक त्याला उचलते, इंजिन कमी केलं की त्याचा वेग झटकन पडतो. हाताची जुनी सवय इथे आड येते. म्हणून विमा कंपन्या अनुभवी वैमानिकाकडूनही या विमानांवर प्रशिक्षकाबरोबर काही तास मागतात, आणि तेवढ्यानेच बऱ्याच जणांना राग येतो. ‘खेळणं आहे’ असं मानून बसलेला माणूस खेळण्याचे धडे कशाला घेईल?

आपल्याकडे या विमानांची प्रतिमा घडली ती वेगळ्या वाटेने. बोरिवलीची आरोही पंडित. बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेली ही मुलगी २०१८ च्या जुलैअखेरीस कीथेर मिस्किटाबरोबर पिपिस्ट्रेल कंपनीचं सायनस ९१२ घेऊन जगप्रवासाला निघाली. विमानाचं नाव माही. २०१९ च्या मे महिन्यात, तेविसाव्या वर्षी, तिने स्कॉटलंडमधल्या विकहून उड्डाण केलं आणि आइसलँड, ग्रीनलंडमार्गे कॅनडातलं इक्वालुइट गाठलं. लाइट स्पोर्ट विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती जगातली पहिली महिला ठरली. खाली बर्फाळ समुद्र, पुढे ऐंशी अश्वशक्तीचं एकच इंजिन. सायनस हे मोटर-ग्लायडर आहे. इंजिन थांबलं तरी एक किलोमीटर उंचीवरून पंचवीस किलोमीटरहून लांब तरंगत जाण्याची त्याची क्षमता. समुद्रावर तेवढ्याने किनारा मिळेलच असं नाही, पण विचार करायला वेळ मिळतो. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी तिने याच विमानातून भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला येऊन जे.आर.डी. टाटांच्या १९३२ च्या कराची-मुंबई उड्डाणाला वंदन केलं. भुजची ती धावपट्टी १९७१ च्या युद्धात माधापरच्या बायकांनी बॉम्बवर्षावानंतर पुन्हा बांधून दिली होती.

त्याच पिपिस्ट्रेलची व्हायरस एसडब्ल्यू ८० ही विमानं भारताने हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी घेतली. २०१५ चा तो करार १९४ विमानांचा होता. नाव दिलं गरुड. एनसीसीच्या हवाई शाखेतल्या कितीतरी मुलामुलींनी जमिनीवरून पहिल्यांदा पाय उचलला तो याच वर्गाच्या विमानात. एनसीसीत नाव घालताना पालकांची सही लागते. तिथे सही करणाऱ्या शेतकरी बापाला ‘खेळणं’ वगैरे शब्द सुचत नाहीत. त्याला गणवेश दिसतो, प्रशिक्षक अधिकारी दिसतो, शिस्त दिसते, आणि तो सही करतो. विमान तेच, स्लोव्हेनियात घडलेलं. २०२२ मध्ये पिपिस्ट्रेल विकत घेतली ती टेक्स्ट्रॉनने, म्हणजे सेस्नाच्याच मालकाने.

आता हा सगळा वाद नव्या वळणावर आला आहे. २०२५ च्या जुलैत ऑशकॉशला अमेरिकेने ‘मोझॅक’ हे नवे नियम जाहीर केले. वैमानिकांसाठीचा भाग दिवाळीच्या पाडव्यालाच, २२ ऑक्टोबर २०२५ ला, लागू झाला. सहाशे किलोंची मर्यादा गेली. स्पोर्ट पायलटने काय चालवावं हे आता मुख्यतः स्टॉलच्या वेगावरून ठरतं, आणि तो ४५ वरून ५९ नॉटपर्यंत वाढला आहे. सेस्ना १७२ सारखी चार सीटांची जुनी विमानं यात येतात. वेगळं प्रशिक्षण आणि वैद्यकीय अट पाळली तर रात्रीही उडता येतं.

वजनावरून स्टॉलच्या वेगाकडे येणं मला पटतं. इंजिन थांबून शेतात उतरावं लागलं तर माणसाला लागतं ते विमानाच्या वजनाने कमी आणि जमिनीला भिडतानाच्या वेगाने जास्त. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ४५ नॉट म्हणजे ताशी ८३ किलोमीटर, ५९ म्हणजे १०९. वेग तीस टक्क्यांनी वाढला, पण त्याच वजनाला ऊर्जा जवळपास पावणेदोन पट. ज्याला वीस वर्षं खेळणं म्हटलं गेलं, त्या विमानाची सर्वात भक्कम बाजू हीच होती: ते फार हळू जमिनीला टेकतं. घरातल्या माणसाने विमान निवडताना एकच आकडा विचारायचा असेल तर तो हा विचारावा. पंख किती चकचकीत, पडदे किती मोठे, नाव किती जुनं हे नंतर.

एक गोष्ट मात्र नव्या नियमानेही बदललेली नाही. चार सीटांचं विमान चालवायची मुभा मिळाली तरी स्पोर्ट पायलटने सोबत एकच माणूस न्यायचा. मागच्या दोन सीटा रिकाम्या ठेवून उडायचं. वैमानिकांच्या काही गटांना हे अन्यायाचं वाटतं. मागे जागा आहे, मुलगी रडतेय, दहा मिनिटांचीच तर फेरी, असं म्हणायला मन लगेच तयार होतं. पण वीस तासांच्या प्रशिक्षणात मागे बसलेल्या माणसांचं वजन विमानाचा तोल कसा बदलतं, हे पुरतं अंगवळणी पडत नाही. ज्याला सगळ्या घराला घेऊन उडायचं आहे त्याने आणखी तास भरावेत, खासगी वैमानिकाचं लायसन्स घ्यावं. तो रस्ता पूर्वीसारखाच उघडा आहे. विमानांच्या बांधणीबद्दलचे नवे नियम लागू होण्याची तारीख २४ जुलै २०२६ ठरली आणि उत्पादक त्याआधीपासूनच चार सीटांचे आराखडे दाखवू लागले. तरीही स्पोर्ट पायलटच्या मागच्या सीटवर कोण बसणार, या प्रश्नाचं नियमातलं उत्तर ‘कुणीही नाही’ असंच आहे, आणि ते घरात स्पष्टपणे सांगण्याची जबाबदारी वैमानिकाची आहे.